सतरा नंबरचं पुस्तक

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या त्या पंचायतीत ऑडिटचा दुसरा दिवस. (नाव नको, गोव्यात 191 पंचायती आहेत, त्यातली एक समजा.) आमचं काम वित्त आयोगाच्या अनुदानापुरतं. पंधराव्या आयोगाने अटच घातली होती: 2023-24 पासून लेखे ऑनलाइन नाहीत, तर अनुदान नाही. त्यामुळे खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर, आमचे आक्षेप ऑडिटऑनलाइन पोर्टलवर. बरंच झालं म्हणायचं. पूर्वी आमचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, पोचेपर्यंत सेक्रेटरीची बदली झालेली असे आणि नवा म्हणे, "हे माझ्या वेळचं नव्हे."

स्क्रीनवर सगळं जुळलं. जेवून आलो तर काउंटरवर एक आजोबा हुज्जत घालत होते. मुलगा मुंबईला, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आला तेव्हा घरपट्टी भरून गेला, तरी थकबाकीची नोटीस! त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढून माझ्यापुढे धरली. "बघ गो बाय, हो शिक्को तुमचोच मू?"

शिक्का खरा. सहीही खरी. पुस्तक नंबर 17.

पावती पुस्तकांची साठा नोंदवही मागवली. 16 नंतर थेट 18. छापखान्याचं बिल काढलं, तर पुस्तकं वीस. नोंदवहीत एकोणीस.

सेक्रेटरीबाबनी चहा मागवला. "मॅडम, चवथीची गर्दी... नोंद राहिली असेल." नोंद राहिली हे खरं, पण त्या पावतीचे पैसे कॅश बुकातही नव्हते, बँकेतही नव्हते. शिपायाने संध्याकाळपर्यंत वाड्यावरून आणखी तीन पावत्या आणल्या. तेच पुस्तक, तोच आठवडा. बाहेरगावचे गोंयकार घरी येतात आणि रोख भरून जातात, तोच.

रकमा किरकोळ, शे-दीडशेच्या. पण अनुदानाचा पैसा बँकेतून बँकेत जातो, त्याला हात लावणं कठीण. हातात येते ती घरपट्टी, आणि तिचं पुस्तक अजून एकाच माणसाच्या कपाटात. छापखान्याने पुस्तकं गटविकास कार्यालयात द्यावीत, तिथून नंबरवार सुटावीत, एवढं मी अहवालात लिहिलं. माझ्या कक्षेबाहेरचं होतं, तरी लिहिलं.

पुरावा म्हणून मूळ पावती मागितली, तर आजोबा देईनात. "ही दिली तर पुढची नोटीस आल्यावर दाखवू काय?"

पंचायतीचं झेरॉक्स मशीन बंद होतं. शेवटी त्यांना जीपमध्ये घालून वाळपईला नेलं. दुकानदाराने पावती काचेवर ठेवली, तरी आजोबांचं बोट तिच्या कोपऱ्यावरच होतं. पहिल्या झेरॉक्सवर ते बोटही आलं.