मावशीच्या गच्चीवर दोन बॅगा

डिसेंबरात तानसेन समारोहासाठी ग्वाल्हेरला जाऊन आलो. लिहायचं होतं गाण्यावर, पण परतल्यापासून प्रत्येक मैत्रीण एकच विचारते, "ते ढेकणांचं काय झालं गं?" तेव्हा आधी ढेकूण.

माझी मावशी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी छावणी टाकली तेच हे लष्कर. मावशीच्या सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. एरवी आम्ही तिच्याकडेच उतरतो, पण या खेपेला घरात रंगकाम निघालं होतं, म्हणून हजिऱ्याकडे एक लॉज घेतलं. तानसेनाची समाधी तिथून चालत. संध्याकाळी पोचलो, बॅगा पलंगावर टाकल्या आणि थेट मैफलीला गेलो. मध्यरात्री परतलो तेव्हा थंडीनं दात वाजत होते. लॉजवरच्या पोऱ्यानं दोन जादा रजया आणून दिल्या, त्यात शिरलो आणि झोपलो. चुका किती झाल्या ते मोजा: बॅग पलंगावर, गादी न बघता आडवं होणं, आणि कुठून कुठून फिरून आलेल्या रजया.

सकाळी मनगटावर एका ओळीत तीन गांधी. नवरा म्हणाला, "डास." म्हटलं, या गारठ्यात डास कुठला? त्याच्या अंगावर काहीच नव्हतं, पण त्यावर जाऊ नका. काहींच्या कातडीवर काही उठतच नाही, काहींना चार-सहा दिवसांनी उठतं. उशाकडची चादर उचलून मोबाइलचा टॉर्च मारला, तर गादीच्या शिवणीत बॉलपेनचे ठिपके पडावेत तसे काळे डाग. ओलं बोट लावलं की पसरतात, ती त्यांची विष्ठा. शेजारी फिकट पिवळ्या कातींचे तुकडे, आणि एक जिवंत, मसुरीएवढा, तसाच चपटा.

लॉज घाणेरडं होतं असं मुळीच नाही, न्हाणीघर लख्ख होतं. ढेकणाला रक्त लागतं, घाण नव्हे. मॅनेजर शेजारची खोली द्यायला तयार होता, ती घेतली नाही. भिंतीच्या भेगांतून, वायरच्या भोकांतून ते शेजारी जातात. खोली बदलायचीच तर दोन-तीन खोल्या सोडून, आणि वरची-खालचीही नको.

मावशीला फोन केला. "या की, पण बॅगा घरात नाही आणायच्या. बाहेरच्या जिन्यानं सरळ गच्चीवर!" गच्चीवर पांढरी चादर अंथरून एकेक कपडा झटकला. पांढऱ्यावर पळणारं लगेच दिसतं. दोन सापडले, एक झिपेच्या पट्टीखाली, एक चाकाजवळच्या शिवणीत. ढेकूण उडत नाही, उडीही मारत नाही. तो आपल्या घरी येतो तो बॅगेत बसून. म्हणून अंग घासण्यापेक्षा बॅग बघा.

सुती कपडे मावशीनं उकळत्या पाण्यात घातले. तिच्या सासूबाई मे महिन्यात खाटा उन्हात टाकून सांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या. "बॅगाही उन्हातच राहू दे," ती म्हणाली. इथे आमचं वाजलं. ढेकूण आणि त्याची अंडी झटपट मरायला साधारण ५० अंश उष्णता आतपर्यंत पोचावी लागते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात काळ्या पिशवीत ते जमेल, डिसेंबरच्या उन्हात नाही. मावशीला काही पटलं नाही. शेवटी बॅगेच्या कापडी शिवणींवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली. नवऱ्याला शाळेतलं संस्कृत सुभाषित आठवलं: लक्ष्मी कमळावर निजते, शंकर हिमालयात, विष्णू क्षीरसागरात, ते बहुधा ढेकणांच्या भीतीनंच! मला तेव्हा हसू आलं नाही.

खरी पंचाईत नव्या चंदेरी साडीची. उकळता येईना, इस्त्री जपून. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डोंबिवलीला आणली आणि फ्रीझरमध्ये मटारशेजारी ठेवली. उणे १८ अंशांना चार दिवस पुरतात, पण तुमचा फ्रीझर तेवढा गार होतो का ते आधी बघा.

तुम्ही जाणार असाल तर खोलीत शिरताच बॅग न्हाणीघराच्या कोरड्या फरशीवर ठेवा. मग टॉर्च घेऊन उशाकडचे दोन्ही कोपरे, गादीची शिवण, पलंगाची पाठ आणि भिंत यांमधली फट, स्क्रूची भोकं बघा. पाच मिनिटांचं काम. बॅगेला कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून तोंड बांधून ठेवलं तर उत्तम. स्लीपर बसमध्येही हेच. जमलं तर आपली चादर, आपली शाल. स्प्रेच्या भरवशावर राहू नका. पुष्कळ ढेकणांना ती औषधं आता बाधत नाहीत, आणि फवारा फटीत पोचतही नाही.

परतल्यावर बॅग बाल्कनीतच उघडली. सगळे कपडे, न घातलेलेही, ६० अंशांवर मशीनला. अंडी आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दीड महिना दर रविवारी गादीची शिवण बघितली. ढेकूण रोग पसरवतो असं सिद्ध झालेलं नाही, पण झोप उडवतो ती उडवतोच.

आणि हो, समारोहाला प्रवेश फुकट आहे. पहिल्या सकाळची शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन) चुकवू नका. आमची चुकली. मावशीचा मात्र दर रविवारी फोन येतो, "निघालं का काही?" नाही म्हटलं की म्हणते, "बघ, उन्हानं मेले."