वेळ भारी, म्हणजे घोडा भारी?

घोड्यानं रेस कमी वेळात मारली म्हणजे तो भारीच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. केंटकी डर्बी, ही अमेरिकेतली नावाजलेली घोड्यांची रेस, झाली की ओळखीतलं कोणी ना कोणी मला गाठतंच: "काय कमी वेळात मारली राव! घोडा सेक्रेटेरिएटच्या तोडीचा म्हणायचा ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी त्या दिवसाच्या बाकीच्या रेस बघू द्या.

२००१ची डर्बी घ्या. चर्चिल डाउन्सचा रेसकोर्स, सव्वा मैल. मोनार्कोस नावाच्या घोड्यानं ती १ मिनिट ५९.९७ सेकंदांत मारली. दोन मिनिटांच्या आत डर्बी जिंकणारा त्याच्याआधी एकच, १९७३चा सेक्रेटेरिएट, १:५९.४. नुसतं घड्याळ बघितलं तर दोघांत अर्ध्या सेकंदाचा फरक, म्हणजे जेमतेम तीन लेंथ (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी).

पण मोनार्कोसच्या त्या दुपारी ट्रॅकच वेगवान होता. पेपर सोपा निघाला की अख्ख्या वर्गाला मार्क पडतात, तसं. अँड्र्यू बायर या वॉशिंग्टन पोस्टच्या स्तंभलेखकानं हिशेब बसवला तो याचसाठी. त्या दिवशीच्या सगळ्या रेस घ्यायच्या, त्या दर्जाच्या घोड्यांनी एरवी किती वेळ लावला असता ते बघायचं, आणि जो फरक निघेल तो ट्रॅकच्या खात्यावर टाकायचा. उरतो तो घोड्याचा आकडा. डेली रेसिंग फॉर्म या रेसच्या पेपरात १९९२पासून हे आकडे छापून येतात. जितका मोठा, तितका घोडा भारी. मोनार्कोसला मिळाला ११६. उत्तमच, पण सेक्रेटेरिएटच्या बेलमाँट या रेसला मागाहून जो १३९ लावतात त्याच्या जवळपासही नाही.

आता माझी खरी तक्रार. आकडा ट्रॅक वजा करतो, रेस कशी पळवली गेली ते वजा करत नाही. त्या डर्बीत साँगअँडअप्रेअर नावाचा घोडा पहिला अर्धा मैल ४४.८६ सेकंदांत सुटला. सव्वा मैलाच्या रेसमध्ये हा निव्वळ वेडेपणा. पुढे पळणाऱ्यांचा दम गेला आणि मागे निवांत बसलेल्या मोनार्कोसला रस्ता मोकळा झाला. सेक्रेटेरिएटचे १९७३च्या डर्बीतले पाव-पाव मैलाचे पाच टप्पे मात्र एकेक करून बघा: २५.२, २४, २३.८, २३.४, २३ सेकंद. प्रत्येक आधीच्यापेक्षा जलद! असं पळायला दुसऱ्या कोणाचा दम संपावा लागत नाही. एका आकड्यात हे मावत नाही, आणि ते मावतं असं समजून पैसे लावणारे पुष्कळ आहेत.

बरं, डर्बीच्या दिवशी सव्वा मैलाची दुसरी रेस बहुधा नसतेच. म्हणजे तुलना करायची ती आखूड अंतराच्या रेसशी, आणि तिथे हिशेब करणाऱ्याचा अंदाज शिरतो. आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गवताचा ट्रॅक. तिथे जमीन किती मऊ ते मोजून सांगतात, तरी नुसत्या टायमिंगवर भांडणं होतातच.

मोनार्कोसचं पुढे काय झालं? डर्बीनंतरच्या प्रीकनेस या रेसला सहावा, बेलमाँटला तिसरा, आणि डर्बीनंतर एकही रेस नाही जिंकला. डर्बीत पाचवा आलेला पॉइंट गिव्हन, ज्याच्यावर सगळ्यांत जास्त पैसे लागले होते तो फेव्हरिट, त्यानं मात्र प्रीकनेस मारली, बेलमाँट सव्वाबारा लेंथनं मारली, वर हॅस्केल आणि ट्रॅव्हर्स या रेसही. 'हॉर्स ऑफ द इयर' तोच ठरला.

तेव्हा पुढच्या वर्षी फोन कराल तो बेलमाँटनंतर करा. डर्बी होऊन पाच आठवडे झालेले असतात, तोवर मी रेसचा चार्ट, म्हणजे कोण कसा पळाला त्याचा तक्ता, नीट वाचलेला असेन.