२०१३ चं बिटकॉइन आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर

"कृपया खरेदीची पावती किंवा त्या काळातलं बँक स्टेटमेंट जोडा." २०२४-२५ च्या हिवाळ्यात एक्स्चेंजचं, म्हणजे बिटकॉइन विकून रुपये देणाऱ्या कंपनीचं, हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. ज्यांच्याकडे २०१२-१३ च्या सुमाराचं थोडंफार बिटकॉइन पडून आहे आणि ते आता रुपयांत आणायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकी सगळं होतं हो. अडतं ते इथंच.

किती होतं ते विचारू नका. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणी एक जुना माग विकला तरी आकडा संध्याकाळपर्यंत साखर पेठेत पोचलेला असतो.

माझं काम जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डिझाईनचं. चादरीवरचा मोर, वेलबुट्टी, कडेची पट्टी. आधी ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचो, आता कॉम्प्युटरवर करतो. २०१३ च्या सुरुवातीला परदेशातल्या एका हातमागवाल्याला काही नक्ष्यांचे ग्राफ हवे होते. ओळख इंटरनेटवरचीच. पेपलनं पैसे मागवायचे म्हणजे पॅन द्या, पैसे कशाचे हे सांगणारा पर्पज कोड द्या, वर कापाकापी. त्यानंच विचारलं, बिटकॉइन चालेल का. तेव्हा एका बिटकॉइनचा भाव हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास होता. म्हटलं, चालेल. बुडाले तर चार दिवसांची मेहनत बुडेल, घर तर नाही ना बुडत.

त्या काळी बिटकॉइन ठेवायचं म्हणजे बिटकॉइन-क्यूटी नावाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि २००९ पासूनचा सगळ्या जगाचा बिटकॉइनचा व्यवहार आपल्या मशिनवर उतरवून घ्यायचा. काही जीबीच होतं ते, पण आमच्या ब्रॉडबँडला तेवढंही झेपत नव्हतं. मध्येच वीज गेली की डेटाबेस बिघडायचा आणि तपासणी पुन्हा पहिल्या ब्लॉकपासून. ब्लॉक म्हणजे त्या व्यवहारांच्या वहीचं एक पान समजा. वडील विचारायचे, "हे मशिन रात्रभर काय दळतंय?" मित्रांचा प्रश्न एकच, "चेन मार्केटिंग हाय का बे?" त्यांचं तरी काय चुकलं? पुढं गेनबिटकॉइन नावाच्या साखळी योजनेच्या प्रकरणात २०१८ साली पुणे पोलिसांनी अटका केल्या, तेव्हा त्या मित्रांपैकी दोघांनी मला फोन करून 'तू तर नाहीस ना त्यात' असं विचारून घेतलं.

२४ डिसेंबर २०१३ ला रिझर्व्ह बँकेनं लोकांना सावध करणारं पत्रक काढलं, तेव्हा मी वॉलेटची, म्हणजे बिटकॉइनच्या चाव्या असलेली, फाईल कॉपी करून ठेवली आणि विषय बंद केला. ६ एप्रिल २०१८ ला बँकांनी या धंद्याशी संबंधच ठेवू नये असं परिपत्रक आलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. या सगळ्या गदारोळात मी काही विकलं नाही, काही घेतलं नाही. वॉलेटची फाईल दोन सीड्यांवर आणि एका पेन ड्राइव्हवर, ती उघडायची परवलीची शब्दमाळ, म्हणजे पासफ्रेज, वडिलांच्या मागाच्या हिशेबाच्या वहीत सूत घेतल्याच्या नोंदींमध्ये पेरलेली. याचा मला आजही अभिमान आहे. लोकांच्या हार्ड डिस्क कचऱ्यात गेल्या, माझी वही कपाटातून हलली नाही.

मग डिसेंबर २०२४ मध्ये भाव पहिल्यांदाच एक लाख डॉलरच्या वर गेला, मुलीचं इंजिनिअरिंगचं पुढचं वर्ष होतं, आणि मी ठरवलं.

फाईल उघडली, पासफ्रेज लागली. जुन्या लोकांना एक सांगतो: ब्लॉकचेन, म्हणजे ती सगळी व्यवहारांची वही, आता सहाशे जीबीच्या वर आहे हे ऐकून घाबरू नका. प्रून नावाचा पर्याय असतो. उतरवून सगळंच घ्यावं लागतं, पण डिस्कवर शेवटचा थोडाच भाग राहतो. फक्त वॉलेट आधी जोडा आणि मग डाउनलोड सुरू करा. एकदा जुने ब्लॉक पुसले गेले की तुमच्या २०१३ च्या नोंदी शोधायला ते पुन्हा उतरवावे लागतात.

एक्स्चेंजवर खातं उघडलं. पॅन, आधार, चेहरा डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. झालं. आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवून पाहिली, ती जमा झाली. मग बाकीची पाठवली.

आणि स्क्रीनवर आलं: 'डिपॉझिट प्रलंबित. निधीचा स्रोत स्पष्ट करा.'

स्रोताच्या यादीत पर्याय होते: पगार, व्यवसाय, वारसा, मायनिंग, दुसऱ्या एक्स्चेंजवरून खरेदी. मी 'व्यवसाय' निवडला. लगेच खाली लाल अक्षरांत पावती मागितली. मी जोडली नाही, कारण नव्हतीच. फॉर्म पुढंच जाईना. शेवटी एका पानावर सगळी हकीकत लिहिली, तिची पीडीएफ केली आणि पावतीच्या जागी तीच चढवली. उत्तर आलं: दस्तऐवज अमान्य, बँक स्टेटमेंट जोडा.

अहो, मी रुपये दिलेच नाहीत तर स्टेटमेंटमध्ये काय दिसणार? मी नक्षी दिली, त्यानं बिटकॉइन दिलं. मधे बँक आलीच नाही. हे मी साध्या इंग्रजीत लिहिलं, मग क्रमांक घालून लिहिलं, मग तक्ता करून लिहिलं. दरवेळी उत्तराखाली नवं नाव, आणि मजकूर तोच. दोन दिवस मी काही बोललो नाही तर तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आपोआप बंद व्हायचं, वर 'आमची सेवा कशी वाटली' म्हणून तारे मागायचे. तिकडं भाव लाख डॉलरच्या आसपास वर-खाली होत होता. मला विकता येत नव्हतं, परतही घेता येत नव्हतं.

त्यांना विचारावंच लागतं, हे मला मान्य आहे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आलेत. माल कुठून आला हे त्यांनी नोंदवून ठेवायचंय. प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती उत्तर न वाचण्याबद्दल.

कारण उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कुणीही पाहू शकतो. माझे पैसे आलेला व्यवहार दोन लाख वीस हजारच्या आसपासच्या ब्लॉकमध्ये आहे, त्यावर २०१३ ची वेळ आहे, आणि त्याच्यावर आजपर्यंत साडेसहा लाखांहून जास्त ब्लॉक चढलेत. असा प्रत्येक ब्लॉक म्हणजे एक कन्फर्मेशन, सहा चढले की लोक व्यवहार पक्का धरतात. तारीख पाहिजे? ही घ्या. पैसे ज्या पत्त्यावर, म्हणजे बिटकॉइनच्या खाते क्रमांकावर, आले तो माझाच कशावरून? त्याचीही सोय आहे. जुन्या सॉफ्टवेअरच्या फाईल मेनूत 'साइन मेसेज' असतं. मी माझं नाव, त्या दिवसाची तारीख आणि त्यांच्या तिकिटाचा नंबर लिहून त्या पत्त्याच्या गुप्त चावीनं सही केली, म्हणजे अक्षरांची एक ओळ तयार झाली. ती सही जगात दुसरं कुणी करू शकत नाही आणि कुणीही मिनिटात तपासू शकतं. राहिला प्रश्न दिलं कुणी आणि कशाबद्दल. त्यासाठी त्या हातमागवाल्याचे २०१३ चे ईमेल होते, ग्राफच्या फाईलींसकट.

उत्तर आलं: 'स्वाक्षरी अस्पष्ट आहे. कृपया स्पष्ट स्वाक्षरी स्कॅन करून पाठवा.'

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं शेंगाचटणी-भाकरी झाकून ठेवली आणि म्हणाली, "कोर्टात जाऊन अॅफिडेव्हिट करा ना. गॅसचं नाव बदलायला पण तेच लागलं होतं." मी तिला कन्फर्मेशन म्हणजे काय ते समजावायला लागलो. ती झोपायला गेली.

पुढं एकदाचा एका पोराचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं हिंदी, आणि वैतागलेला तोही. म्हणाला, "सर, अॅफिडेव्हिट है तो भेज दीजिए ना, उसका कॉलम है हमारे पास." बायकोला हे मी लगेच सांगितलं नाही.

गड्ड्याचे, म्हणजे आमच्या जानेवारीतल्या जत्रेचे, दिवस होते, होम मैदानाकडचे रस्ते वळवलेले. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेल्या एका टायपिस्ट काकांपुढं बसलो. त्यांनी सवयीनं विचारलं, "शेती का प्लॉट?" मी म्हटलं, "काका, बिटकॉइन." ते म्हणाले, "असू दे. नाव, वय, धंदा सांगा."

इथं एक सांगायचं राहत होतं, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. बिटकॉइनचा पत्ता टायपिस्टला टाइप करू देऊ नका. १ नं सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यात लहान अक्षर वेगळं, मोठं वेगळं. शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल ही चार चिन्हं त्यात मुद्दामच ठेवलेली नाहीत, वाचताना घोळ होऊ नये म्हणून. काकांनी सगळा पत्ता मोठ्या अक्षरांत ठोकला, त्यात दोन शून्यंही घातली, आणि वर म्हणाले, "असं छान दिसतं." स्टॅम्प पेपर पाचशेचा. मी तिथंच थांबवलं आणि पत्ता 'परिशिष्ट अ' म्हणून वेगळ्या छापील कागदावर घ्यायला लावला. व्यवहाराचा चौसष्ट अक्षरी क्रमांक मात्र त्यांनी कसाही टाइप केला तरी चालतं. त्यात लहान-मोठ्याचा प्रश्न नाही आणि शून्यही खरंच असतं.

नोटरी वकीलसाहेबांनी एवढंच विचारलं, "यात बेकायदा काही नाही ना?" मी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं सांगायला तोंड उघडलं, तोवर शिक्का बसलाही होता.

तो कागद स्कॅन करून चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी डिपॉझिट जमा. जो कागद मी स्वतःच, स्वतःबद्दल, स्वतःच्या शब्दांवर लिहिला, तो चालला. जे सगळ्या जगानं तपासून ठेवलंय ते चाललं नाही. या गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. आनंद झाला, नाही कशाला म्हणू. नवी पेठेत जाऊन सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, थंडीत.

विकल्यावर एक टक्का टीडीएस कापला जातो, तो आयकर खात्याकडच्या तुमच्या टीडीएसच्या नोंदीत (माझ्या वेळी २६एएस) दिसतो की नाही ते पाहून घ्या. पैसे खात्यावर येताना बँकेनं काही विचारलं नाही. कर मात्र दणकून आहे: नफ्यावर तीस टक्के, त्यावर चार टक्के सेस, आणि वजावट फक्त खरेदी किमतीची. किती वर्षं सांभाळलं याला काडीची किंमत नाही. आमचे सीए म्हणाले, खरेदीचा कागद नाही, किंमत शून्य धरा, हजार-दीड हजारासाठी वाद कशाला. धरली.

आणखी आठवलं तसं सांगतो. नाणी हलवली म्हणून जुनी वॉलेट फाईल पुसू नका. पत्ता रिकामा झाला तरी त्याची सही फक्त त्याच चावीनं होते, आणि ती कधी मागतील सांगता येत नाही. बिटकॉइन कोअरच्या (बिटकॉइन-क्यूटीचंच आताचं नाव) अगदी नव्या आवृत्तीत जुनी फाईल थेट उघडत नाही, आधी मायग्रेट करावी, म्हणजे नव्या स्वरूपात बदलून घ्यावी लागते. ते करण्याआधी मूळ फाईलची प्रत बाजूला काढा. जुने ईमेल हेडरसकट, म्हणजे कुणी-कधी-कुठून पाठवलं त्या नोंदीसकट, सेव्ह करा, स्क्रीनशॉट नको. आणि एक्स्चेंजवर माल पाठवायच्या आधीच अॅफिडेव्हिट तयार ठेवा, नंतर नाही. अडकलेल्या मालाच्या मालकाला कुणी विचारत नाही.

अॅफिडेव्हिटमध्ये एवढं पाहिजे: काम काय केलं, कुणासाठी, कोणत्या महिन्यात, मोबदला बिटकॉइनमध्ये मिळाला आणि रुपयांचा व्यवहार झाला नाही हे स्पष्ट वाक्य, पत्ता आणि व्यवहार क्रमांक परिशिष्टात, प्रत्येक पानावर सही. मजकूर घरूनच टाइप करून न्या. काकांकडं पेन ड्राइव्ह चालत नाही, व्हॉट्सअॅप करावं लागतं. आणि दुपारी दीड ते अडीच ते जेवायला जातात.