किती किलो?

आपल्याकडे हॉटेलात शिरलं की वेटर आधी माणसं मोजतो. चौघं असतील तर मधलं टेबल, दोघं असतील तर भिंतीकडेचं, आणि एकटाच असेल तर "साहेब, जरा शेअर करून बसा." लाहोरच्या लक्ष्मी चौकात माणसं मोजायची भानगड नाही. तिथे मटण मोजतात. "कितने किलो कर दूँ, बाजी?" हा पहिला प्रश्न. बाजी म्हणजे ताई. मेन्यूकार्ड वगैरे नंतर, तेही मागितलं तर.

पाकिस्तानातल्या बाहेरच्या जेवणाचं सगळं गणित या किलोत आहे, असं माझं ठाम मत आहे. मटण कढाई किलोवर, तळलेला रोहू किलोवर. चरगा म्हणजे अख्खी कोंबडी, आणि बलुचिस्तानची सज्जी म्हणजे बकऱ्याची नाहीतर मेंढ्याची अख्खी तंगडी. अर्ध्या किलोच्या खाली उतरलात, तर मालकाच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. घरी सगळं बरं आहे ना?

२००४च्या मार्चमध्ये आपला संघ पाकिस्तानात गेला, तेव्हा क्रिकेटच्या नावावर व्हिसा मिळत होते. आम्ही चौघं गेलो. मी, नवरा, धाकटा दीर आणि नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र. लाहोरच्या दोन्ही वनडे पाहिल्या. शेवटच्या सामन्यात लक्ष्मणनं शतक ठोकलं, आपण मालिका जिंकलो, हे सगळ्यांना माहीतच आहे. बाकीच्या तिघांना अजून त्यातला चेंडू न् चेंडू आठवतो. मला सामने नव्हते त्या संध्याकाळी आठवतात.

लक्ष्मी चौकाला हे नाव तिथल्या फाळणीपूर्वीच्या लक्ष्मी बिल्डिंगवरून मिळालेलं. दुकानाच्या तोंडाशी सोललेले बोकड टांगलेले आणि त्यांच्या शेजारीच भट्ट्या, म्हणजे स्वयंपाकघर रस्त्यावर आणि गिऱ्हाईक आत. "रान की दस्ती?" म्हणजे मांडी हवी की खांदा, एवढंच आपण ठरवायचं. आम्ही मांडी सांगितली. त्यानं ती तोडली, तराजूत टाकली, काटा आम्हाला दाखवला आणि तुकडे थेट लोखंडी कढाईत. कांदा चिरणं नाही, वाटण नाही, खोबरं भाजणं तर दूरच. मांस जरा परतल्यावर टोमॅटो अर्धे कापून त्यावर पालथे घातले आणि झाकण ठेवलं. काही वेळानं झाकण काढून चिमट्यानं टोमॅटोच्या साली एकेक करून उचलल्या. सगळ्या अलगद सुटून आल्या आणि भट्टीमागे भिरकावल्या गेल्या. मग आलं, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ, मिरपूड, आणि जाळ इतका मोठा की ज्वाळा काठावरून आत डोकावायच्या. शेवटी लोण्याचा गोळा. ज्या कढाईत शिजलं तीच कढाई, बुडाला काजळी तशीच, चुरचुर आवाज करत टेबलाच्या मधोमध.

आमच्या घरी कांदा-खोबऱ्याच्या वाटणाशिवाय मटणाला मटण म्हणत नाहीत. सासूबाईंनी ही कढाई बघितली असती तर "कच्चंच उतरवलं की काय" म्हणाल्या असत्या. पण वाटणाच्या आड न लपलेलं मटण कसं लागतं ते मला तिथे कळलं. पेशावरच्या नमक मंडीत याहून पुढची पायरी असते म्हणतात. तिथे मीठ, टोमॅटो, मिरची आणि दुंब्याची चरबी, संपलं. दुंबा म्हणजे शेपटीत चरबी साठवणारा मेंढा. तिथल्या एका नामांकित दुकानाचं नाव ‘चरसी टिक्का’ आहे. पुण्यात असं नाव ठेवून बघा.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. तोवर न मागता रायता आणि सलाद येतं (बिलात लागतं, हे आधीच सांगते) आणि गप्पा रंगतात. आपली थाळी नेमकी याच्या उलट. थाळीत ज्याचं त्याचं राज्य असतं. ज्याच्या त्याच्या वाट्या, ज्याची त्याची कोशिंबीर, आणि वाढपी प्रत्येकाकडे वेगळं बघतो. एका थाळीत दोघांनी जेवू नये, अशी पाटी लावणारी माणसं आपण. तिकडे एका कढाईत एकट्यानं जेवू नये, अशी पाटी कुणी लावलेली नाही. लावायची वेळच येत नाही.

आमच्यातला मित्र शाकाहारी. त्याच्यासाठी दाल माश आली, म्हणजे उडदाची डाळ. पण आपल्या वरणासारखी नाही, कोरडी आणि दाणा न् दाणा सुटा, वर आल्याच्या काड्या आणि मिरची. छोट्या प्लेटमध्ये आली, आणि त्या प्लेटमुळे चौघांत तो एकटा जेवायला बसल्यासारखा दिसायला लागला. वेटरला ते बघवेना. त्यानं प्लेट उचलून कढाईशेजारी मधोमध ठेवली आणि चार नान टाकले. दहा मिनिटांत आम्ही तिघांनी त्याची डाळ फस्त केली. त्याला दुसरी मागवावी लागली.

बिलाचं तर विचारूच नका. शेजारच्या टेबलावरच्या दोन लाहोरकरांची बिलासाठी चाललेली झटापट बघून आम्हाला वाटलं, भांडण पेटलं. एकानं दुसऱ्याचा हात धरून ठेवलेला, दुसरा डाव्या हातानं नोटा फेकतोय, मालक कुणाच्या घ्याव्यात या विवंचनेत. आमच्याकडे तेव्हा दिरानं हिशेब मांडला होता. टीटीएमएम. डाळ वेगळी, कारण मित्रानं मटण खाल्लं नव्हतं. पण ती डाळ आम्हीच खाल्ली होती, तेव्हा तीन भागिले… मालकानं शांतपणे ऐकून घेतलं. मग भारतातून क्रिकेटसाठी आलेले, हे कळल्यावर त्यानं पैसेच घेतले नाहीत. त्या दिवसांत लाहोरात असं होत होतं, अनेकांनी लिहूनही ठेवलंय. माझा अंदाज असा की निदान आमच्या बाबतीत त्याला तो भागाकार असह्य झाला असावा.

हॉटेलांत आणखी एक गंमत असते, फॅमिली हॉलची. खाली पुरुष, वर किंवा पडद्याआड फॅमिली. मी बरोबर असले की नवरा, दीर आणि ऑफिसातला मित्र हे सगळे मिळून एकदम ‘फॅमिली’ व्हायचे आणि पंख्याखालची चांगली जागा मिळायची. मी हॉटेलवरच थांबले त्या दिवशी तिघांना खाली धुरात बसवलं. तेव्हापासून मला टाळून जेवायला जायची त्यांची हिंमत झाली नाही. हीरामंडीजवळच्या ‘कूकूज डेन’मध्येही आम्ही फॅमिली म्हणूनच गच्चीवर चढलो. समोर बादशाही मशीद, आणि जेवण खालच्या स्वयंपाकघरातून दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर ओढून घेतात. खालून हाळी आली की वरचा पोऱ्या दोरी खेचायला लागतो. लाहोर रात्री दहाशिवाय जेवायला बाहेर पडत नाही, त्यामुळे अकराच्या पुढे ती टोपली क्षणभर थांबत नव्हती. मेन्यूवर ‘मिंट मार्गारिटा’ दिसली म्हणून दिराचे डोळे चमकले होते. १९७७पासून तिकडे दारूबंदी आहे. आला तो बर्फ घातलेला पुदिन्याचा हिरवागार सोडा.

मग एकट्या माणसानं जेवायचं कुठे? त्याला लाहोरनं सकाळ दिली आहे. रात्र घोळक्याची, सकाळ एकट्याची. सकाळी निहारीच्या दुकानात माणसं एकेकटी येतात, बाकावर बसतात, कुणाशी बोलत नाहीत. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस, वर आलं, मिरची, लिंबू, हातात गरम नान. इथे किलो नाही, प्लेट. आपल्यापैकी अनेकांना विचारूनच बसावं लागेल, कारण निहारी बहुतेक ठिकाणी बड्या गोश्ताची असते. ‘बडा’ म्हणजे गाई-म्हशीचं, ‘छोटा’ म्हणजे बकऱ्याचं. हे दोन शब्द पाठ केले की निम्मा प्रवास सोपा होतो आणि विचारल्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

ज्यांना यात पडायचंच नाही त्यांच्यासाठी हलवा-पुरी. पुरी, छोले, बटाट्याची भाजी, आणि शेजारी रव्याचा हलवा, म्हणजे आपला शिराच, जरा केशरी आणि सैलसर. आमच्या शाकाहारी मित्राला हे ताट बघून गहिवरून आलं. फक्त सत्यनारायण कुठे दिसत नव्हता. त्यावर पेडेवाली लस्सी. लस्सीत खव्याचे पेडे कुस्करतात आणि वर लोण्याचा थर सोडतात. ती प्यायल्यावर दुपारचं जेवण हा विषय निकालात निघतो.

कराचीला मी गेलेले नाही. क्रिकेटच्या व्हिसावर शहरं लिहून येतात, आमच्यावर लाहोरच होतं. पण तिथली खाद्यसंस्कृती कळायला मुंबईच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीही बंदर, पोटासाठी बाहेरून आलेल्या एकट्या माणसांचं गाव, आणि म्हणून तिथलं खाणं प्लेटचं आणि हातातलं. बनकबाब बघा. डाळ आणि मांस एकत्र वाटलेली टिक्की, फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर टाकलेली, चटणी लावलेल्या बनमध्ये, कागदात गुंडाळून. वडापावच्या गाडीवर उभं राहिलेल्या कुणालाही हे नातं कळेल. १९६९ साली सुरू झालेल्या तिथल्या एका बिर्याणीच्या दुकानाचं नावच ‘स्टुडंट बिर्याणी’. स्टुडंट एक किलो कुठून मागवणार? आणि कराचीच्या बिर्याणीत बटाटा असतो, मुंबईच्याही असतो. लाहोरकर या बटाट्यावर नाक मुरडतात, कराचीकर लाहोरच्या बिर्याणीला पुलाव म्हणतात, आणि यात पडायचं आपल्याला काही कारण नाही.

जाणाऱ्यानं वार मात्र बघून जावं. पाकिस्तानात जनावरं टिकावीत म्हणून मंगळवार-बुधवारी कसायांनी नागा, म्हणजे खाडा, पाळायचा असा जुना सरकारी नियम आहे. कोंबडी आणि मासे त्यातून वगळलेले, आणि हॉटेलवाले आदल्या दिवशी माल भरून ठेवतात, त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही. माझ्या माहेरी सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. दोन्ही देशांचे वार एकत्र पाळले तर मटणाला शुक्रवार आणि रविवार उरतात, त्यातही संकष्टी आली तर बघायला नको. रमजानात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खायला १९८१च्या वटहुकमानं बंदी आहे. विमानतळ, स्टेशन, इस्पितळ अशा जागांना सूट असते. पण त्याच महिन्यात इफ्तारपासून सहेरीपर्यंत जेवढं खाल्लं जातं तेवढं एरवी नाही.

हे किलोचं जेवण परदेशात गेलं की काय होतं, ते मी पुढे दुबईत बघितलं. तिथल्या सतवा भागातलं ‘रावी’ हे १९७८पासूनचं पाकिस्तानी हॉटेल, फुटपाथवर टेबलं मांडलेली. तिथे सगळं प्लेटनं मिळतं, कारण दुबईत आलेला ड्रायव्हर, गवंडी, दुकानातला पोऱ्या हे सगळे बायकोमुलांना मागे ठेवून आलेले. गिरणगावातल्या खानावळी याच हिशेबानं चालायच्या. कोकणातून नाहीतर घाटावरून आलेला एकटा गडी दोन वेळा पोटभर जेवला पाहिजे. तेव्हा मला वाटलं, चला, इथे तरी ज्याची त्याची प्लेट. आम्ही दोघांनी दोन वेगळ्या भाज्या, दोन दाल, दोन चिकन असं सगळं जोडीनं मागवायला सुरुवात केली. शेजारच्या टेबलावर फैसलाबादचे तीन ड्रायव्हर बसले होते. त्यांनी एकेक प्लेट मागवली होती आणि तिन्ही मधोमध ठेवली होती. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी आमची ऑर्डर शेवटपर्यंत ऐकली, मग वेटरला हाताच्या इशाऱ्यानं थांबवलं. "बाजी, दाल एक. चिकन एक. भाजी एकच. आणि रोट्या एकदम मागवू नका, गार होतात."

वेटरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं आणि आत गेला.