१ जानेवारी २००२ : दोन पॅराची बातमी

तेव्हा मी मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, देश-विदेशच्या डेस्कला. संसदेवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, फौजा सीमेकडे निघालेल्या, आणि बरोबर १ जानेवारीपासून समझौता एक्स्प्रेस बंद, दिल्ली-लाहोर बस बंद, एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद, उच्चायुक्तालयांतला स्टाफ निम्मा. पहिलं पान दुपारीच भरल्यात जमा होतं.

संध्याकाळी एजन्सीची एक छोटी कॉपी आली. भारत-पाकिस्तानने आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या, एकाच वेळी दिल्लीत आणि इस्लामाबादेत. दोन पॅरा, बस. दरवर्षी १ जानेवारीला येणारी बातमी, आतल्या पानावर सिंगल कॉलम जाते आणि कोणी वाचत नाही. पण मला ती सोडवेना. ज्या दिवशी गाडी, बस, विमान सगळं थांबलं त्याच दिवशी हे कागद मात्र दोन्हीकडे वेळेवर पोचले, ही मला त्या दिवसातली सगळ्यात मोठी बातमी वाटत होती आणि आजही वाटते.

लायब्ररीतून जुनी कात्रणं काढली. या याद्या ज्या करारानुसार देतात तो ३१ डिसेंबर १९८८ चा, इस्लामाबादेत झालेला, तेव्हा राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो पंतप्रधान होते. लागू झाला जानेवारी १९९१ मध्ये आणि पहिली यादी १ जानेवारी १९९२ ला. त्याच्या मागची भीतीही खरी होती, १९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी विमानं पाठवून उडवली, त्यानंतर भारत कहुटावर, म्हणजे पाकिस्तानच्या तिथल्या अणुकेंद्रावर, तसंच काही करेल अशी चर्चा पाकिस्तानात सतत चालायची. म्हणून मग एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असं ठरलं, आणि ती केंद्रं कुठे आहेत ते अक्षांश-रेखांशासकट कळवायचं.

हे लिहीत असतानाच फोन आला. बोईसरहून एक गृहस्थ, वयस्कर आवाज, रेडिओवर ऐकून चिडलेले. "अहो मॅडम, शत्रूला पत्ता कशाला देता? तारापूर आमच्या उशाशी आहे!"

मी म्हटलं, काका, तारापूर १९६९ पासून चालू आहे, ते कुठेय हे त्यांना माहीतच आहे. यादीत नेमकी कुठली नावं असतात ते सरकार जाहीर करत नाही, पण करारात वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्या स्पष्ट लिहिल्यात. यादी दिली की उद्या चुकून बॉम्ब पडला, आम्हाला ठाऊक नव्हतं, असं कोणालाच म्हणता येत नाही. आणि भट्टी फुटली तर किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर कुठेही जाणार, तो काय वाघा बॉर्डरला थांबणार आहे का.

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे भट्टीवर टाकायचा नाही. आणि मुंबईवर?"

मी करार परत वाचला, फोन कानाला तसाच. जेमतेम तीन कलमं आहेत. शहरांबद्दल त्यात एक अक्षर नाही. त्यांना तसंच सांगितलं, "नाही काका, त्याबद्दल काही नाहीये." मे १९९८ मध्ये आपण पोखरणला पाच चाचण्या केल्या, पाकिस्तानने दोन-अडीच आठवड्यांत चागईला चाचण्या करून उत्तर दिलं, आणि तेव्हापासून दोन्हीकडची कोट्यवधी माणसं एकमेकांच्या टप्प्यात आहेत, पण लेखी हमी आहे ती फक्त अणुकेंद्रांना. ते म्हणाले, "मग हेही छापा की," आणि फोन ठेवला.

मी बातमीला जोडून चौकट केली, करार काय, कशामुळे झाला, काय काय त्यात येत नाही. मुख्य उपसंपादकांशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, लोकांना आज युद्ध होणार का एवढंच वाचायचंय. माझं म्हणणं, त्याच्याच उत्तराचा एक तुकडा इथे आहे, काय अजून तुटलेलं नाही ते तरी लोकांना कळू दे. शेवटी पहिल्या पानावर तळाला जागा मिळाली, दोन कॉलम, पण डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, सुटायची वेळ झाली होती आणि शेवटच्या चार ओळी कापल्या गेल्या. नेमक्या शहरांबद्दलच्या.

पुढे मे महिन्यात जम्मूजवळ कालुचकचा दहशतवादी हल्ला झाला, परत तणाव इतका वाढला की अमेरिका-ब्रिटनने आपल्या लोकांना भारतातून निघायला सांगितलं. आमच्याकडे मोठं पान करायचं ठरलं, युद्ध झालं तर कोणाकडे किती रणगाडे, किती विमानं. मी जानेवारीतली ती चौकट काढली, त्या चार ओळी सगळ्यात वर घेतल्या आणि पान लावणाऱ्याला सांगितलं, जागा कमी पडली तर रणगाडे काढ, हे काढायचं नाही.