आमची वाटचाल : पाने भाड्याने मिळतील

आमच्या दुकानाच्या शटरवर दोन ओळी आहेत. वरची रंगाऱ्यानं लिहिली: 'जुन्या गाड्यांचे सुटे भाग'. खालची माझ्या हातची, म्हणून जरा तिरपी: 'पाने भाड्याने मिळतील'. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्याला बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेला एखादा तरी माणूस ती वाचून थांबतो. एक म्हातारे बाबा तर पायरीवर चढून विचारते झाले, "पानं भाड्यानं देतं का बे? खाऊन वापस कराची का मंग?" मी त्यांना दहा-अकराचा पाना दाखवला. ते म्हणाले, "हे तर चाबता येत नाही," आणि पुढच्या टपरीवर गेले.

दुकान कसं उभं राहिलं हे लिहा, असं मुलगी बरेच दिवस म्हणत होती. लिहायला बसलो तर लक्षात आलं की सुरुवात दुकानापासून होतच नाही, ती माझ्या बाबांच्या काळीपिवळीपासून, म्हणजे सवाऱ्यांच्या टॅक्सीपासून होते.

बाबा दारव्हा-दिग्रस मार्गावर कमांडर जीप चालवायचे. ते काही मिस्त्री नव्हते, पण अठरा सवाऱ्या भरलेली गाडी भरउन्हात मध्येच बंद पडली की मिस्त्री बोलावणार कुठून? सीटखाली त्यांची एक मेणकापडाची पिशवी असायची. तिच्यात तीन पाने, पक्कड, पेचकस, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि धुण्याच्या साबणाची वडी. साबण हात धुवायला नव्हता. टाकीला बारीक भोक पडलं की त्यावर तो घासायचा, गावापर्यंत गळती थांबते. डिझेल संपून इंजिननं हवा घेतली तर नुसती टाकी भरून गाडी उठत नाही. फिल्टरवरचा बोल्ट थोडा ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस थांबून निखळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. हे मी आठवीत असताना शिकलो, मागच्या सीटवरच्या बाया "झालं का रे पोरा?" असं विचारत असताना.

आमच्या गावावरून शकुंतला रेल्वे जायची, मूर्तिजापूर-यवतमाळ, अरुंद रुळांची. तिला ओढणारं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि 1994 पर्यंत ते कामात होतं. कोणी बाबांच्या गाडीला खटारा म्हटलं की बाबा त्या इंजिनाचा दाखला द्यायचे. पुढं ती रेल्वेच बंद पडली, तेव्हापासून दाखला देणंही थांबलं.

बारावीनंतर मी यवतमाळला एका उस्तादाकडे चार वर्षं काढली. हात सोन्याचा माणूस. नुसत्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरचं टप्पेट ढिलं आहे ते सांगायचा. पण बॉनेट उघडलं की त्याचा पहिला हुकूम ठरलेला: "गिऱ्हाइकाला बाहेर बसव, चहा पाज." मालकानं आत डोकावलेलं त्याला चालायचं नाही. दोन रुपयांचा फ्यूज बदलायचा असला तरी अर्धा तास लावायचा आणि मग घाम पुसत बाहेर यायचा. तेव्हा मला तेच कसब वाटायचं. आज माझा सगळा धंदा त्याच्या उलट बाजूनं चालतो आणि तरीही मी त्याला गुरूच मानतो.

2011 साली बसस्टँडमागं दहा बाय बाराचा गाळा घेतला. अर्धे पैसे बाबांनी कमांडर विकून दिले, उरलेलं कर्ज आमच्या हिच्या बचत गटातून आलं. पहिलंच पाऊल चुकलं. जुन्या गाड्या म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं अँबेसेडर आणि पद्मिनी. नागपूरला एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथून त्या दोन गाड्यांचा माल पोत्यानं उचलून आणला. डेल्कोची (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याची) झाकणं, त्यातले पॉइंट, कार्बोरेटरचे किट, पेट्रोल पंपाचे पडदे. आणल्यावर मोजलं तर आसपास अँबेसेडर उरल्या होत्या तीन, त्यातली एक कोंबड्यांच्या ताब्यात.

आमच्याकडं जुनी गाडी म्हणजे मारुती 800, ओम्नी, सुमो, इंडिका, कमांडर. शहरातला माणूस चार-पाच वर्षांत गाडी बदलतो, ती दोन हात फिरून इकडं येते. कापसाचे पैसे हाती आले की घरात एक चारचाकी हवी असते. दवाखाना रात्रीच लागतो, लेकीला सासरी पोचवायचं असतं. चालू हालतीतली 800 चांगल्या बैलजोडीपेक्षा स्वस्तात मिळते. तिचं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं तेव्हा मला वाटलं, आता हाही माल पडून राहणार. झालं उलटंच. त्या तीन सिलिंडरच्या 796 सीसी इंजिनाचं काहीही मागा, आजही माझ्याकडं सगळ्यात जास्त तेच खपतं.

दुसरी ठेच नकली बेअरिंगांची. एका ठोक व्यापाऱ्यानं नामी कंपनीच्या खोक्यात भलताच माल घालून दिला. अकरा गिऱ्हाइकांच्या चाकांतून महिनाभरात आवाज सुरू झाला. अकराही जणांना बदलून दिले, दिवाळी कोरडी गेली. तेव्हापासून माझ्या काउंटरवर एक वजनकाटा आहे. नवं बेअरिंग आलं की जुन्या अस्सल मालाशेजारी ठेवून तोलतो. शंभर टक्के खात्री त्यानं होत नाही, पण चोराला कळतं की इथं तोलतात.

पाने भाड्याने द्यायची गोष्ट मार्च 2020 ची. टाळेबंदी लागली, गॅरेज बंद, भाजीच्या गाड्यांना तेवढी परवानगी. बोरी अरबच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा पहाटे फोन आला, "भाऊ, ओम्नी उठूनच नाही राह्यली. वांगे भरून ठेवले." मी म्हटलं, चाबी फिरवा आणि फोन इंजिनापाशी धरा. टिकटिक ऐकू आली. सेल्फ, म्हणजे इंजिन उठवणारी मोटर, फिरत नाही आणि टिकटिक येते, म्हणजे बहुतेक वेळा बॅटरीतून दम पोचत नाही. हॉर्न मेलेला आहे का, दिवा मंद आहे का, टर्मिनलवर पांढरं-हिरवं काही साचलंय का, एकेक विचारत गेलो. साचलं होतं, मिठाच्या खड्यांसारखं. आधी काळी वायर काढा, मग लाल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओता, जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा. लावताना आधी लाल, मग काळी, वरून थोडं व्हॅसलीन. वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. तो काही बोललाच नाही, फक्त चालू इंजिन ऐकवलं.

त्या दोन महिन्यांत असे रोज पाच-सात फोन. घरी मी खाटेवर पडून लोकांच्या गाड्या दुरुस्त करत होतो आणि ही समोर बसून म्हणत होती, "फुकटात?" तिचा प्रश्न बरोबर होता. सांगणं फुकट होतं, पण लोकांकडं पाने नव्हते. एका प्लगसाठी कोणी हजाराचा सेट घेत नाही.

दुकान उघडल्यावर तिनंच वही घातली. गोटी पान्यांचा सेट दिवसाला पन्नास, प्लग पाना दहा, मल्टीमीटर तीस, बॅटरीच्या पाण्याची घनता मोजायची काचेची नळी वीस. अनामत पाचशे. भाड्यातून चहापाणी निघतं, त्यावर काही नाही. पण ज्यानं स्वतः एअर फिल्टर काढून पाहिला, त्याच्या डोळ्यांना तो काळा गठ्ठा दिसतो आणि तो नवा घेऊनच जातो. मिस्त्री नेहमी सांगायचा 'चालते अजून'. स्वतःच्या हातानं काढलेला कचरा माणसाला जास्त खरा वाटतो.

गावातले मिस्त्री बिघडले. एकानं भर चौकात सुनावलं, "आमच्या पोटावर पाय देऊन राह्यला तू." सहा महिने त्यांच्यातला एकही काउंटरवर आला नाही, सामान यवतमाळहून आणायचे. मग हळूहळू त्यांनाच कळलं की भाड्यानं पाने नेणाऱ्या दहांतल्या दोघांची गाडी अर्धी खोललेल्या अवस्थेत, उरलेले नटबोल्ट घमेल्यात घालून, टोचन करून त्यांच्याच दारी येते. तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं.

उन्हाळ्याविषयी मात्र मला नीट लिहायचं आहे, कारण आमचा अर्धा धंदा एप्रिल ते जूनचा आहे. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि गाड्या उकळायला लागतात. यात गाडीचा दोष थोडा, आपला जास्त. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. आमच्या भागातलं पाणी जड, क्षाराचं. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो तसा तो नळ्यांच्या आत बसतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत अर्ध्या नळ्या बंद. बाहेरून दुसराच त्रास: वेचणीच्या हंगामात कापूस भरून जिनिंगला गेलेली जीप बघा, रेडिएटरच्या जाळीत रुईचा नमदा बसलेला असतो, त्यावर धूळ आणि तेल. तो मागच्या बाजूनं, इंजिनाकडून पुढं, पाण्याच्या साध्या धारेनं धुवायचा. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं जाळीचे पत्रे वाकतात.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप! गाडी गरम झाली की तो काढून फेकायचा, हा आमच्याकडचा रामबाण. त्यानं काटा खाली येतो, माणूस खूश होतो. पण मग हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही, तेल जाड राहतं, ॲव्हरेज घसरतं, झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट काही महाग नाही. गरम पाण्याच्या भांड्यात सोडला की तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. मी काउंटरवर स्टोव्ह ठेवून दाखवतो. त्याच स्टोव्हवर चहा होतो, पातेलं वेगळं.

हे सगळं करताना एक दिवस माझ्या चुकीपायी माणूस मरता मरता वाचला. एक मास्तर सुमोचं सायलेन्सर आवळायला जॅक घेऊन गेले. मी नुसता जॅक दिला. त्यांनी गाडी अंगणात, काळ्या मातीवर उचलली. वरून टणक दिसणारी ती माती आत भेगाळलेली असते. जॅक खचला, गाडी खाली आली. त्यांच्या पोरानं बसायला म्हणून स्टेपनी चेसिसखाली सरकवून ठेवली होती, गाडी तिच्यावर टेकली आणि मास्तरांच्या छातीवर चार बोटं जागा उरली. ते स्वतः जॅक परत करायला आले. रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. आता गाडीखाली टेकू द्यायच्या दोन लोखंडी घोड्या आणि लाकडी फळी घेतल्याशिवाय जॅक दुकानाबाहेर जात नाही. कोणी म्हटलं "घोड्या नको, वजन होते," तर अनामत परत आणि नमस्कार.

तसंच ब्रेक आणि स्टिअरिंग. ब्रेक ऑइलची पातळी बघा, तेल काळं पडलंय का बघा, ते हवेतली ओल ओढतं म्हणून दोन वर्षांनी बदलून घ्या, हे मी सांगतो. पण लायनर, व्हील सिलिंडर, टाय रॉड स्वतः खोलायला माझ्याकडून पाने मिळत नाहीत. त्यावरून भांडणं होतात. एकाचं म्हणणं होतं की त्यानं इंटरनेटवर बघितलंय. मी म्हटलं, इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, ब्रेक गेला तर थांबत नाही. तो दिग्रसहून पाने घेऊन आला, पण लायनर माझ्याकडूनच नेले आणि शेवटी बसवून घेतले मिस्त्रीकडून.

अलीकडं दोन गोष्टींनी डोकं खाल्लं आहे. पंधरा वर्षांवरच्या कारचं नोंदणी नूतनीकरण 1 एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. एमएच 29 च्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कितीतरी गाड्या त्यानंतर कागदाविना फक्त शेतरस्त्यावर फिरतात. विमा नाही, फिटनेस नाही, आणि नेमक्या त्याच ब्रेक न बघता पळतात. दुसरी गोष्ट पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलची. कार्बोरेटरवाल्या जुन्या 800 चे रबरी पाइप आणि वायसर या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. पाइप मऊ पडतात किंवा तडकतात, इथेनॉल ओल शोषतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट गाळ. माझी या पेट्रोलबद्दल तक्रार अशी नाही, ज्या उसाचं आणि मक्याचं ते बनतं तो पिकवणारा आपलाच माणूस आहे. मी एवढंच सांगतो: पेट्रोलचे सगळे पाइप एकदा नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या पाइपांनी बदला, क्लॅम्प नवे लावा, आणि गाडी उभीच ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा. पाइप मीटरवर विकतो. गेल्या उन्हाळ्यात तीन गुंडाळ्या संपल्या.

दुकानात आता आम्ही दोघं आणि एक पोट्टा. गाळा शेजारचाही घेतला, तिथं रविवारी सकाळी कोणीही आपली गाडी लावून आपल्या हातानं तेल बदलू शकतो. जळकं तेल ड्रममध्ये ओतायचं, नालीत नाही, एवढीच अट. बाबा तिथं खुर्ची टाकून बसतात. त्यांना आता कमी ऐकू येतं, पण बॉनेटवर तळहात ठेवून ते सांगतात, "याचं एक सिलिंडर मारून नाही राह्यलं." मग प्लगची वायर एकेक काढून बघायची. जी काढल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तिथं दोष. बहुतेक वेळा ते बरोबर असतात, आणि नसले की चहा मागवतात.

पद्मिनीचा माल अजून माळ्यावर आहे. मागच्या महिन्यात अमरावतीहून एक तरुण आला, आजोबांची गाडी चालू करतोय म्हणाला. डेल्कोची दोन झाकणं आणि पॉइंट विकत, आणि पॉइंटमधली फट मोजायचं फीलर गेज भाड्यानं घेऊन गेला. मालाचे पैसे रोख दिले. फीलर गेज अजून आलेलं नाही, वहीत हिनं त्याच्यापुढं लाल पेनानं गोल केलाय.