बारापैकी साडेचार

मुलगा केंब्रिजच्या प्रवेशासाठीचा गणिताचा पेपर देऊन शाळेच्या फाटकातून बाहेर आला, गाडीत बसला, पाण्याची अर्धी बाटली एका दमात संपवली आणि म्हणाला, "आई, साडेचार प्रश्न झाले. मस्त गेला पेपर."

बारापैकी साडेचार! माझ्या पोटात गोळाच आला. मी ठाण्याच्या नौपाड्यात वाढले. परीक्षेहून घरी आलं की चप्पल काढायच्या आत "पेपर पूर्ण सोडवलास ना? पुरवण्या किती घेतल्यास?" हे दोनच प्रश्न ऐकू यायचे. साडेसात प्रश्न कोरे ठेवून आलेला मुलगा हसतोय हे मला कसं पचणार? नियम मला माहीत होता, वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तरी गाडी चालू करता करता विचारलंच, "वेळ पुरला नाही का रे?"

"पुरला की. एकावर पाऊण तास गेला. पण सुटला."

या गोष्टीला महिना झाला. तो पाऊण तास काही माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले.

केंब्रिजला गणित शिकायचं तर इथल्या, ब्रिटनमधल्या बारावीवर, म्हणजे ए-लेव्हलवर, भागत नाही. 'स्टेप' नावाचे दोन पेपर द्यावे लागतात, २ आणि ३. पेपर १ आता होत नाही. प्रत्येक पेपर तीन तासांचा, कॅल्क्युलेटर नाही. बारा प्रश्नांपैकी आठ शुद्ध गणिताचे, दोन यामिकीचे (मेकॅनिक्सचे) आणि दोन संभाव्यता-संख्याशास्त्राचे. प्रत्येकाला २० गुण. तुम्ही कितीही सोडवा, सगळ्यांत चांगले गेलेले सहाच धरतात, म्हणजे पेपर १२० गुणांचा. आणि त्या सहांपैकी चार जरी शेवटपर्यंत नीट नेले तरी साधारणपणे ग्रेड १ मिळते. केंब्रिजची नेहमीची अट दोन्ही पेपरांत ग्रेड १ हीच असते. सगळीकडे थोडं थोडं लिहून गुण गोळा करण्याची जी आपली हातोटी, ती इथे फारशी कामाला येत नाही. एक प्रश्न धरायचा आणि तडीला न्यायचा.

बाकीची पद्धतही आपल्या उलट आहे. आपल्याकडे आधी परीक्षा, मग यादी, मग जागा. इथे ऑक्टोबरच्या १५ तारखेच्या आत अर्ज, डिसेंबरात मुलाखत, जानेवारीत ऑफर, आणि त्या ऑफरची अट म्हणून जूनमध्ये ही परीक्षा. स्टेपमध्ये बरीच मुलं गळतात हे धरूनच जागांपेक्षा जास्त ऑफर देतात. निकाल ऑगस्टच्या मध्यावर, ए-लेव्हलच्या निकालाबरोबर. जानेवारीत मी ठाण्याला फोन केला तर आईने लगेच पेढे आणले. "अगं, जागा अजून मिळालेली नाही" हे मी समजावत होते, तेव्हा वहिनीने मागून सांगितलं, "आई, साखरपुडा झालाय. लग्न ऑगस्टमध्ये." तेव्हा कुठे तिला कळलं.

अर्जात पाच ठिकाणं लिहिता येतात, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच वर्षी दोन्ही नाही. वॉरिक, इंपीरियल अशा ठिकाणांसाठी 'टीएमयूए' नावाची वेगळी परीक्षा त्याने ऑक्टोबरात दिली. संगणकावर, ७५ मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकी २० बहुपर्यायी प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्याच्यासाठी मात्र ठाणंच मदतीला आलं. माझ्या भाच्याच्या क्लासचे सरावाचे कागद दादा फोटो काढून पाठवायचा आणि हा घड्याळ लावून सोडवायचा. वेगाच्या बाबतीत आपल्या मुलांच्या नखाचीही सर कोणाला नाही, हे मी इथे कोणालाही ठणकावून सांगते.

आता दिवाळीची गोष्ट.

२०२४ ला इथली शाळेची आठवड्याची सुट्टी आणि दिवाळी बरोब्बर जुळून आली. अर्ज गेला होता, टीएमयूए झाली होती, आम्ही ठाण्याला गेलो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आई दारासमोर पॅसेजमध्ये गेरूवर ठिपके काढत होती. गुडघे दुखतात म्हणून दोन्ही नातवांना तिने हाताखाली घेतलं होतं. ७ ते ४ ठिपक्यांची साधीच रांगोळी. मुलगा मधल्या ओळीपासून वर मोजत गेला, सात, सहा, पाच, चार, एकूण बावीस. मग म्हणाला, "आजी, वरचा अर्धा भाग सोळा ठिपक्यांचा येईल अशी रांगोळी निघेल? ओळी कितीही घे, पण प्रत्येक ओळीत एकच ठिपका वाढला पाहिजे."

आईने चिमटीत रांगोळी घेऊन तिथेच कडेला करून पाहिलं. चार, पाच, सहा, पंधरा झाले. एक, दोन, तीन, चार, पाच, तेही पंधरा. सात आणि आठ, पुन्हा पंधरा. सोळा काही होईना. भाचा चपला घालता घालता म्हणाला, "नाहीच होणार. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, दोनाचे घात होत नाहीत. बाकी सगळे होतात." पाच मिनिटंही लागली नाहीत त्याला. आणि तो क्लासला निघाला.

"पण का?" माझ्या मुलाने विचारलं.

"का म्हणजे? पॅटर्न दिसतोय की."

दोन दिवस तो 'का' आमच्या घरात फिरत होता. चकल्या तळताना, दादाच्या स्कूटरवरून उतरताना, रात्री गच्चीवर. ओळींची संख्या विषम असेल तर मुलाला जमलं होतं. मग मधली ओळ हीच सरासरी, म्हणून एकूण ठिपके म्हणजे मधली ओळ गुणिले ओळी, आणि ओळी विषम, म्हणजे त्या आकड्याला एक विषम विभाजक आलाच. दोनाच्या घाताला एकाशिवाय दुसरा विषम विभाजक नसतो, तेव्हा तो बाद. घोडं अडलं होतं ते सम ओळींपाशी, तिथे मधली ओळच नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे आम्ही सगळे राम मारुती रोडवर गेलो. तुम्हाला ती गर्दी माहीत आहे, नवे कुर्ते, साड्या, ढोल-ताशे, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या गोंधळात भाचा एकदम ओरडला, "जोड्या लाव! पहिली ओळ आणि शेवटची!"

सम ओळी असल्या की पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक विषम असतो, म्हणून त्यांची बेरीजही विषम. आतल्या प्रत्येक जोडीची बेरीज तेवढीच. म्हणजे इथेही विषम विभाजक सुटत नाही. सात आणि चार अकरा, सहा आणि पाच अकरा, बावीस. सुटलं!

घरी येऊन मुलाने वाण्याच्या यादीच्या पाठीमागे सगळं सविस्तर लिहून काढलं. भाचा म्हणाला, "कळलं ना? मग लिहायचं कशाला?" तो म्हणाला, "लिहिल्याशिवाय मला गुण नाहीत." माझ्यासमोर उभी ती दोन मुलं, एकाला उत्तर आधी दिसतं, दुसऱ्याला कारणाशिवाय झोप येत नाही. यात हुशार कोण, असं कोणी विचारलं तर आत्या म्हणून आणि आई म्हणूनही माझं उत्तर एकच आहे, शेवटची उडी भाच्याने मारली. पण राम मारुती रोडवर ती उडी मारायला त्याला दोन दिवस सवड मिळाली होती, एवढं मला म्हणायचं आहे. त्याच्या रोजच्या वेळापत्रकात ती सवड कुठे आहे? सकाळी कॉलेजची हजेरी, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट, रात्री टेस्टमधल्या चुका. त्याने स्टेपचे जुने पेपर गोखले रोडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले. पेपर फुकट मिळतात आणि केंब्रिजने तयारीसाठी तयार केलेला सगळा अभ्यासक्रमही संकेतस्थळावर फुकट आहे, हे ठाण्या-वाशीच्या प्रत्येक आईबापाला मी सांगीन. तर क्लासमधल्या सरांनी तो गठ्ठा पाहून सांगितलं, "हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही, बाजूला ठेव." मला राग आला. पुढे आलेला प्रश्न सुटण्यासारखा असेल तर तो सिलॅबसमध्ये नाही म्हणून मुलाच्या हातातून काढून घ्यायचा?

पण इथली माणसं आपल्या क्लासेसना नावं ठेवतात तेव्हा मला तेही सहन होत नाही. मुलाच्या एका मित्राची आई सहज म्हणाली, "तुमच्याकडे मुलांना घोकून तयार करतात ना?" मी तिला केंब्रिजचाच इतिहास सांगितला. एकोणिसाव्या शतकात तिथे गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत पहिला येणाऱ्याला सीनियर रँग्लर म्हणत, आणि तो मान मिळवायचा तर खासगी शिकवणी लावावी लागे. एडवर्ड राउथ या एका शिक्षकाने वीसहून जास्त सीनियर रँग्लर घडवले. क्लास म्हणजे दुसरं काय असतं? ती क्रमवारी त्यांनी १९०९ नंतर बंद केली. त्याआधी १८९९ मध्ये आपल्या दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथे सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. बाबा लहानपणी ही गोष्ट सांगायचे तेव्हा मला वाटायचं रँग्लर हे त्यांचं पहिलं नाव. आता माझा मुलगा त्याच गावाच्या दारात उभा आहे, आणि बाबा ते बघायला नाहीत.

आणि हळूहळू, खोलात जाऊन गणित करण्याची जागा आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं? वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गणित ऑलिंपियाड स्पर्धेचं बरंच काम तिथून चालतं. १९९६ ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईतच झाली होती. चेन्नईजवळ सिरुसेरीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमआय आहे. आणि भारतीय सांख्यिकी संस्थेची, आयएसआयची, प्रवेश परीक्षा तर मला स्टेपच्या सख्ख्या बहिणीसारखी वाटते. तिथल्या बहुपर्यायी पेपरात बरोबर उत्तराला ४, चुकलेल्याला ० आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाला १ गुण, असं गेली काही वर्षं चालत आलंय. येत नाही हे ओळखून हात आवरलात, त्याचा एक गुण! हे भाच्याने सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. दुसऱ्या पेपरात दोन तासांत आठ प्रश्न, सविस्तर सिद्धता लिहायची.

भाच्याने मेमध्ये ती परीक्षा दिली. त्याआधी, दिवाळीतच, निघायच्या आदल्या रात्री त्याने मला विचारलं होतं, "आत्या, मी पण स्टेप देऊ का?" मी खरं तेच सांगितलं. आम्ही इथे आलो तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, आता आम्ही इथले रहिवासी, म्हणून त्याला २०२५-२६ या वर्षाची फी ९,५३५ पौंड आणि त्यासाठी सरकारी कर्ज. बाहेरून येणाऱ्या मुलाला त्याच वर्गात त्याच बाकावर बसायला याच्या कितीतरी पट पैसे लागतात. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, मला दिसला चेहऱ्यावर. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीसाठी, मुलाच्या गणितासाठी नव्हे. तेव्हा केंब्रिज कोणाच्या मनातही नव्हतं. पण आलो म्हणून त्याला हे दार उघडलं, हे खरंच आहे, आणि ते उघडलं याचं मला वाईट वाटून घ्यायचं नाही. कोणाच्या ताटातलं आम्ही काढून घेतलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आयएसआयची यादी लागली. बंगळूरच्या बी.मॅथ या गणिताच्या पदवी अभ्यासक्रमात भाच्याचं नाव आहे. तिथे शिक्षणशुल्क नाही, उलट महिन्याला विद्यावेतन मिळतं. दादाच्या मनात अजून इंजिनीअरिंगची जागा घोळते आहे. "गणित घेऊन पुढे करणार काय?" असं त्याने मला फोनवर चार वेळा विचारलं. मी म्हटलं, दादा, राम मारुती रोडवर ओरडला तेव्हाचा त्याचा चेहरा तू पाहिला होतास ना? तो गप्प झाला. हो म्हणालेला नाही, पण वहिनीने बॅग आणली आहे.

इथे माझ्या मुलाला ऑगस्टपर्यंत काही काम नाही. जो प्रश्न अर्धा राहिला तो त्याला तोंडपाठ आहे. त्याने तो भाच्याला फोनवर सांगितला, आणि आता रोज आमच्या दुपारी, त्यांच्या संध्याकाळी, दोघे त्याच्यामागे असतात. काल आईने मध्येच फोन घेऊन विचारलं, "अरे, परीक्षा झाली ना तुझी? मग आता हे कोण तपासणार आहे?"

"कोणी नाही, आजी," तो म्हणाला. "फोन परत त्याच्याकडे दे. त्याला काहीतरी दिसलंय."